कॅसेट मिलिंदने हरवली नव्हती

याच दिवाळी अंकात मी गेली कित्येक वर्षं आमच्या फिल्म कंपनीच्या गमतीजमती लिहीत आलो. बाजारात कुणी भेटलं की म्हणतं, "अण्णा, तो ट्रॅक्टरचा किस्सा लई भारी." त्यातल्या एका लेखात मी एक वाक्य लिहिलं होतं : 'आमच्या कॅमेरामनच्या वेंधळेपणामुळे एक मोलाची कॅसेट कायमची गेली.' लेखाच्या ओघात ते कुणाच्या लक्षातही राहिलं नसेल. ते वाक्य खोटं आहे, आणि लिहिताना ते खोटं आहे हे मला माहीत होतं. यंदाचा लेख त्या एका वाक्यासाठी आहे. त्यात हसण्यासारखं थोडंच आहे.

ज्यांनी आधीचं काही वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. देवळाली प्रवरात एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत आमची 'सुगी चित्र' नावाची कंपनी होती. कंपनी म्हणजे तीन माणसं. रंगनाथ गुरुजी हे निवृत्त शिक्षक. कथा, संवाद आणि दिग्दर्शन त्यांचं. मिलिंद पारनेर तालुक्यातला, कॅमेरा त्याचा. आणि मी, वसंत. जेवणं, टेम्पो, परवानग्या आणि भांडणं माझी. गिरणीचं पीठ जिन्यावरून वर यायचं आणि कॅसेटींवर बसायचं, म्हणून मिलिंद प्रत्येक कॅसेट पावाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवायचा. त्याच्या वस्तूंना कुणी हात लावलेला त्याला खपत नसे.

आमचे सिनेमे थिएटरात कधीच लागले नाहीत. लग्नं ज्या कॅमेऱ्याने काढतात त्याच कॅमेऱ्याने आम्ही सिनेमा काढायचो, पुण्यात एकाच्या टेबलावर बसून जोडायचो, आणि कॅसेट, पुढे सीडी, जत्रांमधून आणि एसटी स्टँडवरच्या हातगाड्यांवरून विकायचो. वर्षभर लग्नं काढायची आणि त्या कमाईवर एक सिनेमा उभा करायचा, अशी पद्धत. जंगल हवं असेल तर उसात शिरायचं. एकदा नायक-नायिकेचं गाणं निम्मं उसात काढलं आणि दुसऱ्या दिवशी जाऊन पाहतो तर तोडीची टोळी येऊन गेलेली, रान मोकळं. गुरुजी अर्धा तास बांधावर बसून राहिले आणि मग उठून म्हणाले, "वसंता, उरलेलं गाणं विरहाचं करू." तसं केलं. लोकांना तेच कडवं जास्त आवडलं.

प्रत्येक सिनेमात एक मरण असायचंच. हा आमचा शौक नव्हता. माल घेणारा गाडीवाला पहिला प्रश्न विचारायचा, "रडायचं किती मिनिटं हाय?" दहा मिनिटांच्या खाली रडणं असेल तर तो सीडी हातात घेत नसे. त्यामुळे कुणाला तरी तिरडीवर झोपवावंच लागे. ते काम गावातल्याच एखाद्या म्हाताऱ्याकडून करून घ्यायचो, कारण मेलेल्याला संवाद नसतात.

पहिल्या सिनेमात देवळालीचेच गेनूभाऊ मेले. कपाळाला गुलाल, नाकात कापूस, सगळं झालं. शॉट ओके झाला आणि तेवढ्यात त्यांची बायको पारूबाई तिथं येऊन उभी राहिली.

"तिरडीवर घातलं व्हय ह्यांना? आन् आता हे त्या डब्यात तसंच ऱ्हानार, जलमभर?"

गुरुजी म्हणाले, "वहिनी, नाटक आहे ते."

"नाटक तुमचं. मानूस माजा हाय. त्या डब्यात मेलेला भरला ना, आता जिता बी भरा. न्हाईतर ठिवा ह्यांना तुमच्या गिरनीत. मी घरात घेनार न्हाई."

गेनूभाऊ तिरडीवर उठून बसले होते. म्हणाले, "अगं, च्या तरी पिऊ दे."

"मेलेल्यानं च्या मागू नये!"

सगळे हसले. मिलिंद मात्र हसला नाही. त्याने कॅमेऱ्याची तिवई उचलली, लिंबाखाली लावली, गेनूभाऊंचा गुलाल ओल्या फडक्याने पुसला, कापूस काढला आणि म्हणाला, "भाऊ, इकडं बघून नाव सांगा, गाव सांगा, आणि काय वाटेल ते बोला." गेनूभाऊंनी नाव सांगितलं, गाव सांगितलं, "हाय अजून" म्हणाले आणि खो खो हसले. मग पारूबाई त्यांना घेऊन गेल्या.

तेव्हापासून तो आमचा रिवाज झाला. जो कुणी मरायचा त्याचा त्याच दिवशी 'जिता शॉट' घ्यायचा. सिनेमात तो कधी जात नसे. मिलिंदने अशा सगळ्या माणसांची मिळून एक वेगळी कॅसेट केली. सात सिनेमे, सात म्हातारे. इतर कॅसेटी आम्ही दोन-दोनदा वापरायचो, पण या कॅसेटला हात लावायचा नाही असं त्याने सांगून ठेवलं होतं. लेबलावर त्याच्या सुबक अक्षरात 'जिवंत' असं लिहिलेलं होतं आणि खाली 'पुसू नये'.

इथं एक बारीक गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. व्हिडिओ कॅसेटच्या कडेला प्लास्टिकचा एक छोटा दात असायचा. तो मोडून टाकला की त्या कॅसेटवर मशीन काही भरत नाही. जे आहे ते राहतं. ज्याला जपायचं त्याचा दात मोडायचा, एवढं सोपं होतं. नवीन म्हातारा आला की मिलिंद त्या खाचेवर जरा वेळ चिकटपट्टी लावायचा, शॉट जोडायचा आणि चिकटपट्टी काढून टाकायचा. म्हणजे दात मोडलेली कॅसेटही ज्याला पुसायची आहे त्याला पुसता येते. फक्त ते नजरचुकीनं होत नाही. आधी चिकटपट्टी शोधावी लागते.

सातवा म्हातारा राजूरकडचा. आम्ही राजूरच्या पुढे एका वाडीत डोंगराखाली आठवडाभर मुक्काम टाकला होता. बुधाबाबा उंच, काटकुळे, आणि बोलायला मोठे गमत्ये. मिलिंद त्यांना समजावत होता, "बाबा, श्वास रोखून पडायचं. मी सांगेपर्यंत."

"आन् तू इसरला तर?"

"नाही विसरणार."

"न्हाई, तुजा भरवसा हाय. पर हे तुमचे गुरुजी मला जाळूनच येत्याल, शॉट चांगला व्हतोय म्हनून."

त्यांची मुलगी हौसाबाई बाजूला उभी होती. तीस-बत्तीसची असेल. नवऱ्यामागे माहेरी येऊन राहिलेली, बापाला तीच सांभाळायची. गुरुजींना रडणाऱ्या बायका हव्या होत्या. हौसाबाई म्हणाली, "जित्या बापावर कशी रडू? मला तर बघवत बी न्हाई." आणि ती भाताच्या खाचराकडं निघून गेली. बाकी बायका छान रडल्या.

शॉट संपला तेव्हा जेवणाची वेळ होऊन गेली होती. मी टेम्पोजवळ पंगत बसवत होतो. सगळे तिकडं धावले. मिलिंद मात्र बुधाबाबांना घेऊन वरच्या अंगाला आंब्याखाली गेला, जिता शॉट घ्यायला. इतर वेळी या कामाला दोन मिनिटं लागत. त्या दिवशी वीस मिनिटं झाली तरी दोघं येईनात. आले तेव्हा भात निवला होता. मी मिलिंदवर तडकलो, "अरे, एवढी कॅसेट घातलीस एका म्हाताऱ्यावर?"

तो म्हणाला, "बाबा बोलत होते अण्णा. मी थांबवलं नाही."

"काय बोलत होते?"

"हौसाताईंसाठी बोलत होते," एवढंच म्हणाला आणि ताट घेऊन बसला. मीही पुढं विचारलं नाही. मला टेम्पोवाल्याला परत पाठवायचं होतं.

ते पावसाळा संपता संपता झालं. पुढच्या उन्हाळ्यात लग्नसराई आली.

एका मोठ्या घरच्या मुलीचं लग्न आमच्याकडं होतं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्यांचा यात काही दोष नाही. मिलिंद सिनेमाच्या जोडणीसाठी पुण्यात होता, म्हणून दुसरा कॅमेरा घेऊन मी स्वतः गेलो. चार कॅसेटी घेतल्या होत्या. आपल्याकडच्या लग्नांत मंगलाष्टकांच्या आधी पुढाऱ्यांची आशीर्वादाची भाषणं असतात, हे बाहेरच्या वाचकाला माहीत नसेल. अमुक साहेब आलेत, दोन शब्द बोलतील. तमुक साहेब आलेत, तेही दोन शब्द बोलतील. प्रत्येक साहेब बोलून उतरला की कॅमेऱ्याकडं बघायचा. बंद ठेवायची सोय नव्हती. त्या दिवशी अकरा साहेब बोलले. चौथी कॅसेट संपत आली तेव्हा नवरी अजून मांडवात आलेली नव्हती.

मी लुना काढली आणि खोलीवर आलो. गावातलं कॅसेटचं दुकान बंद, कारण दुकानदार त्याच लग्नाला. कपाट उघडलं. नव्या कॅसेटी मिलिंद पुण्याहून आणणार होता. जुन्या सगळ्या पुण्यात जोडणीला गेलेल्या. दुसऱ्या फळीवर एकच होती, पावाच्या पिशवीत गुंडाळलेली.

मी लेबल वाचलं. दोन्ही ओळी वाचल्या. मशीनमध्ये घालून पाहायला दोन मिनिटं लागली असती, ती मी घालवली नाहीत. पाहिलं असतं तर माझ्याच्याने झालं नसतं, हे तेव्हाही मला कुठंतरी कळत होतं. टेबलावर चिकटपट्टी होती. ती खाचेवर लावली. मिलिंदच्या लेबलावर माझं लेबल चिकटवलं आणि त्यावर लिहिलं, 'लग्न, भाग ५'. परत गेलो, तेव्हा अंतरपाट धरलेला होता. मंगलाष्टकं, सप्तपदी, मुलीची पाठवणी, सगळं त्याच कॅसेटवर बसलं, शेवटपर्यंत. पाठवणी फार छान निघाली असं त्या घरचे अजून म्हणतात.

मी मनाशी म्हटलं, सात म्हाताऱ्यांना कोण विचारतंय.

दोन महिन्यांनी हौसाबाई आली. राजूरहून एसटी बदलत बदलत, हातात वरईची पिशवी. गुरुजी आणि मी खोलीत होतो. आत आली, पिशवी ठेवली आणि म्हणाली, "बाबा गेला. गवताच्या भाऱ्याखाली पडला, तो उठलाच न्हाई."

गुरुजींनी तिला बसवलं, पाणी दिलं.

ती म्हणाली, "घरात त्याचा एक बी फोटू न्हाई. मतदानाच्या कार्डावर हाय, पर तो कोनीबी असंल, आमचा बाबा तसा दिसतच न्हाई. तुमचा शिनेमा सरपंचाकडं टीव्हीवर पाह्यला. त्यात तो तिरडीवर हाय. मेलेला आमी बी पाह्यला, गुरुजी. तुमी तवा आंब्याखाली त्याला जिता घेतला व्हता, बोलताना. तो मला सांगायचा, तुज्यासाठी बोलून ठिवलंय म्हनून. काय बोललास, तर म्हनायचा, मी गेल्यावर जाऊन बघ. तेवढं दाखवा. न्यायाला नगं. निस्तं दाखवा."

गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं. "वसंता, ती कॅसेट काढ बरं."

मी म्हणालो, "त्या कॅसेटी मिलिंदकडं असतात."

पहिलं खोटं एवढंच होतं. मिलिंद तेव्हा गावी पारनेरकडं गेला होता. हौसाबाईला आम्ही सांगितलं, पंधरा दिवसांनी ये. मिलिंद आला तेव्हा गुरुजींनी विचारलं. तो म्हणाला, "कपाटात आहे, दुसऱ्या फळीवर." कपाट उघडलं. फळी रिकामी. त्याने सगळं कपाट जमिनीवर काढलं, एक एक पिशवी सोडली. दोन दिवस शोधत होता. मी त्याच्याबरोबर शोधलं. हे मी लिहितोय ते नीट वाचा : मी त्याच्याबरोबर शोधलं. टेबलाखाली वाकून बॅटरी मारली.

तिसऱ्या दिवशी गुरुजी म्हणाले, "मिलिंद, तू पुण्याला नेली होतीस का बाबा? तिकडं राहिली असेल." मिलिंद म्हणाला, "नाही गुरुजी." गुरुजी माझ्याकडं वळले. मी म्हणालो, "त्याच्याकडून गहाळ झाली असेल, होतं असं." मिलिंदने माझ्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग जमिनीवर पसरलेल्या कॅसेटी परत पिशव्यांत भरायला लागला.

पुढचं माझ्या हातात राहिलं नाही, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो. तेही खरं नाही. आठवड्याने चहाच्या टपरीवर गोष्ट निघाली. एक जण म्हणाला, "त्यांच्या जयंतीच्या मिरवणुकीचं भरलं आसंल त्यानं त्याच्यावर. दुसरं काय?" मिलिंद बौद्ध. बाकीच्यांनी माना हलवल्या, जणू बघितलंच आहे. त्याच्या जागी दुसऱ्या कुणाचं नाव असतं तर लोकांनी निदान पुरावा विचारला असता. मी चहा ढवळत होतो. त्या क्षणी एक वाक्य बोलायचं होतं. मी ते बोललो नाही, कारण लोकांनी किती पटकन विश्वास ठेवला ते मी पाहिलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं. माझ्या आयुष्यातली सगळ्यांत हलकट गोष्ट कुठली, असं कुणी विचारलं तर मी कॅसेट सांगणार नाही. तो चहा सांगेन.

हौसाबाई ठरल्याप्रमाणे आली. गुरुजींनी तिला सांगितलं की कॅसेट कॅमेरामनच्या हातून गेली. ती उठून एसटी स्टँडकडं निघाली.

पुढच्या सिनेमाचे तीन प्रसंग त्याच वाडीत घ्यायचे होते. आम्ही टेम्पो घेऊन पोचलो, पण टपरीवरची गोष्ट आमच्या आधी तिथं पोचली होती. मिलिंदने तिवई लावायला घेतली तेवढ्यात हौसाबाई आली आणि समोर उभी राहिली. तिच्या मागे वाडीतली दहा-बारा माणसं.

"ह्यो मानूस हितं नगं."

गुरुजी पुढं झाले, "हौसाबाई, अगं..."

"गुरुजी, तुमी बसा, च्या प्या. ह्यो नगं. ह्यानं माज्या बापाला पुसला."

मिलिंद म्हणाला, "ताई, कॅसेटचं मला माहीत नाही. पण बाबा काय बोलले ते मी ऐकलंय. मला पाठ आहे. तुम्ही जरा बाजूला चला, मी सगळं सांगतो."

"तुज्या तोंडून?" ती म्हणाली. "तुज्या तोंडून माज्या बापाचं बोलनं मला न्हाई ऐकायचं. चल, निघ."

"ताई, एकदा ऐका..."

तिने तिवईला धक्का दिला. कॅमेरा मिलिंदने वरच्यावर झेलला. मागची माणसं पुढं सरकली. गुरुजींनी घाबरून मिलिंदला हाताला धरून रस्त्यावर नेलं आणि एसटीत बसवून दिलं. मी टेम्पोच्या फाळक्याला टेकून उभा होतो. माझ्यापासून ती पंधरा पावलांवर होती.

मिलिंद कंपनीत परत आला नाही. पारनेरला त्याने पासपोर्ट फोटो काढायचा छोटा स्टुडिओ टाकला. आम्ही दुसरा कॅमेरामन घेऊन दोन सिनेमे केले. त्यांत रडणं भरपूर होतं, पण जिता शॉट नव्हता. कुणी विषयच काढला नाही. मग लोकांच्या हातात मोबाईल आले आणि सीडीच्या गाड्या बंद पडल्या. 'सुगी चित्र' मोबाईलनं संपवली असं मी याच अंकात लिहिलं आहे. तेही दुरुस्त करून घ्या. मिलिंद एसटीत बसला त्या दिवशी ती संपली, पुढची दोन वर्षं आम्ही तिला तिरडीवर घेऊन फिरत होतो. गुरुजी गेले. जाताना त्यांना मिलिंदविषयी वाईट वाटत होतं, म्हणाले, "पोरगं चांगलं होतं, एकदाच चुकलं." मी त्यांच्या उशाशी बसलेलो होतो. तेव्हाही बोललो नाही.

मागच्या वर्षी मिलिंद गेल्याचा मेसेज मोबाईलवर आला. मूत्रपिंडाचा आजार होता म्हणे. मी अंत्यविधीला गेलो नाही. तीन महिन्यांनी मात्र राहवेना. पारनेरला गेलो.

त्याची बायको शोभाताई अंगणवाडीत काम करते. तिने ओळखलं, बसा म्हणाली. मी सांगायला सुरुवात केली. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत शांत ऐकत होती. मी थांबलो तेव्हा म्हणाली, "अण्णा, हे मला माहीत आहे."

तिने दिलेला पाण्याचा पेला मी खाली ठेवला.

"ते लग्नवाले त्यांच्या कॅसेटींची सीडी करून घ्यायला आमच्या स्टुडिओत आले होते. मुलीला परदेशी पाठवायची होती म्हणून. पाचव्या कॅसेटचं लेबल सुटायला लागलं होतं. खाली यांचं अक्षर. खाचेवर चिकटपट्टी तशीच. यांनी मला बोलावून दाखवलं."

"मग तो बोलला का नाही?"

"मी तेच म्हणाले. घ्या ती कॅसेट, राजूरला नेऊन दाखवा त्या बाईंना. तर म्हणाले, कॅसेट गिऱ्हाइकाची आहे, दुसऱ्याची वस्तू दाखवत हिंडायचं नसतं. सीडी करून दिली आणि कॅसेट परत केली. म्हणाले, अण्णा येतील कधीतरी. वाट बघत होते असं नाही म्हणणार मी. पण तुमचा दिवाळी अंक दरवर्षी आणायचे. ते वेंधळेपणाचं वाक्य त्यांनीच मला वाचून दाखवलं."

मी विचारलं, "बुधाबाबा काय बोलले होते, ते कधी म्हणाला का तुम्हाला?"

"विचारलं होतं मी. म्हणाले, ज्याचं त्यालाच सांगायचं असतं."

मी हात जोडले. ती म्हणाली, "माझ्यापुढं हात जोडून काय होणार? मी कधी त्यांना चोर म्हटलं नव्हतं. ज्यांनी म्हटलं त्यांना सांगा. टपरीवर झालं ना? अंकात छापलं ना? मग तिथंच सांगा. आणि त्या राजूरच्या बाईंना आधी सांगा, छापून यायच्या आत. त्यांना वाचता येत नसेल."

म्हणून यंदा भाद्रपदात राजूरला गेलो. वाडीपर्यंत आता डांबरी रस्ता आहे. हौसाबाईचे केस पांढरे झालेत, गुडघे धरलेत. घरासमोर नागलीच्या पिकाची राखण करत बसली होती. मी कोण ते सांगितल्यावर तिने चटई दिली. मी सगळं सांगितलं. लग्न, कपाट, चिकटपट्टी, टपरी. मिलिंदचा त्यात केसाएवढाही संबंध नव्हता, हे दोनदा सांगितलं.

मला वाटलं होतं ती शिव्या देईल. त्याची तयारी करून गेलो होतो. खरं सांगायचं तर मला शिव्या हव्याच होत्या.

तिने विचारलं, "मंग बाबा काय बोलला व्हता, तुमाला ठाव हाय?"

"नाही. मी तिथं नव्हतो. मी पंगत बसवत होतो."

"त्या गुरुजींना?"

"नाही. फक्त मिलिंदला माहीत होतं."

"तो कुठं असतो?"

मी म्हणालो, "मागच्या वर्षी वारला."

तिची नजर माझ्यावरून निघून समोरच्या वाटेवर गेली. तिथंच आमचा टेम्पो उभा असायचा.

"सांगत व्हता की तो," ती म्हणाली. "हितं उभा राहून सांगत व्हता. ताई ऐका, ताई ऐका. आन् म्या..." तिने स्वतःचे दोन्ही तळहात उघडून पाहिले. "म्याच ढकलला."

मी म्हणालो, "हौसाबाई, दोष माझा आहे. तुम्हाला खोटं सांगितलं होतं."

"व्हय. खोटं तुमचं व्हतं," ती म्हणाली. "पर ऐकलं न्हाई ते म्याच ना?"

मी मन मोकळं करायला गेलो होतो आणि इतकी वर्षं जी बाई निदान निर्दोष होती, तिच्या माथी हे घालून बसलो होतो. सांगितलं नसतं तर मिलिंद चोरच राहिला असता. सांगितलं तर हे झालं. बोलायची वेळ होती तेव्हा बोललो असतो, तर त्या वाटेवर उभं राहून मिलिंदने तिला सगळं सांगितलं असतं आणि तिने ते ऐकलं असतं.

ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. नागलीवर पाखरं आली होती, ती हाकलायला गेली. बराच वेळ परत आली नाही. मी चटई गुंडाळून ओट्यावर ठेवली आणि रस्त्याला लागलो.